आगटीपाशी कोण बसतं

पहाटे खिडकीची काच हाताला गार लागू लागली की जुळे सोलापुरात हुरड्याचे दिवस आले असं मी समजते. गावाकडं ते शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कणसांवरून कळायचं. इथं ते रस्त्याच्या कडेच्या हातगाड्यांवरून कळतं. पारदर्शक पिशव्यांत हिरवे दाणे, सोबत शेंगाच्या चटणीची पुडी. मी थांबते, एक दाणा मागून घेते, नखानं दाबून आतलं दूध बघते. कधी कधी कालचा हुरडा पाणी मारून आजचा म्हणून विकतात. पिशवी उलटी करून मी तळाचे दाणेही बघते. परवा गाडीवाला वैतागला. म्हणाला, "ताई, हुरडा घेताय का चौकशी करताय?"

त्याचं खरं आहे. हुरड्याच्या बाबतीत मी संशयी झाले आहे. पूर्वी तशी नव्हते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मागणी, पुरवठा, किंमत. दर वर्षी एखादी मुलगी विचारतेच, की जिला किंमत नाही अशी वस्तू कोणती? पुस्तकात उत्तर आहे, हवा. मी बरीच वर्षं त्यात भर घालायचे आणि सांगायचे, आमच्या रानातला हुरडा. मुली हसायच्या. मग मी त्यांना आमचं रान सांगायचे. कामती सोडून मंगळवेढ्याच्या बाजूला गेलं की लागणारी काळी जमीन, डोक्याच्या वर गेलेला शाळू, मधोमध खणलेली आगटी, तिच्यात धुमसणाऱ्या गोवऱ्या आणि त्यात खुपसलेली कणसं. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कूस उडवायची आणि गरम दाणे समोरच्याच्या हातावर ओतायचे. माझे वडील, आण्णा, बांधावर उभे राहून गाडीवाटेनं जाणाऱ्याला हाक मारायचे, "या की. चार दाणं खाऊन जावा." कुणी पैशाचं नाव काढलं असतं तर त्यांना तो अपमान वाटला असता.

एका हिवाळ्यानंतर मी हे उदाहरण देणं सोडलं. त्या हिवाळ्याबद्दलच लिहायला बसले आहे.

कोरोनाची भीती नुकतीच ओसरली होती आणि घरात कोंडलेल्या लोकांना मोकळ्या रानाचं वेड लागलं होतं. आण्णा जाऊन काही वर्षं झाली होती. रान माझा धाकटा भाऊ दत्ता बघत होता. आई त्याच्याकडंच होती. पौषात त्याचा फोन आला. म्हणाला, औंदा आपण हुरडा पार्टी सुरू केली आहे, सोलापूरची माणसं गाड्या घेऊन येतात, तू एकदा येऊन बघ. आवाजात आनंद होता, पण मला त्या आनंदाचीच शंका आली. इतकी वर्षं तो हुरड्याची पिशवी एसटीच्या ड्रायव्हरकडं देऊन मोकळा व्हायचा. यंदा मीच यायला हवं, ते का? आईला फोन दे म्हटलं, तर ती कामात आहे म्हणाला.

रविवारी मी एकटीच गेले. रस्त्यावरूनच कमान दिसली. वर मोठ्या अक्षरांत 'आईचा मळा', खाली आईचा फोटो. डोक्यावर पदर, हातात कणीस. तिच्या फोटोखाली आण्णांची हाक छापलेली होती. या की. चार दाणं खाऊन जावा. बांधावरून ओरडून म्हटलेलं ते वाक्य आता छापून टांगलं होतं, आणि त्याच्या खाली एका टेबलावर तिकिटं फाडत होते.

आत बैलगाडीची फेरी होती, झोपाळे होते, स्पीकर होता. शाळू मात्र रस्त्यालगत दोन पट्ट्यांपुरताच उभा दिसला. फोटो काढायला तेवढा पुरत असावा. आणि आगटीपुढं आई बसली होती. हिरवी नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घरी ती सहावारी नेसते आणि कुंकू टिकलीएवढं लावते. तिच्याभोवती सतरंज्यांवर माणसं होती, तिच्या खांद्याशी खांदा लावून फोटो काढत होती. तिला कुणी आई म्हणत होतं, कुणी आज्जी. ती कणीस चोळत होती, फुंकर मारत होती, दाणे समोरच्या हातावर ओतत होती, आणि मान वर न करता म्हणत होती, "या की. बसा."

मला ती ओळखीची वाटली आणि परकीही. मी जवळ जाऊन वाकले, तर तिनं माझ्याही हातावर दाणे ओतले आणि म्हणाली, बस. तिला वाटलं मीही गिऱ्हाईकच. मग मान वर केली आणि ओशाळून हसली.

दत्तानं मला सगळं फिरून दाखवलं. मी विचारत राहिले आणि तो सांगत राहिला. चटणी आईच्या हातची असं कागदावर लिहिलं होतं, ती खरं तर बाजारातून येत होती. गूळ आपल्या रानातला म्हणत होते, आणि आमच्या रानात ऊस कधीच बंद झाला होता. तो हे लपवत नव्हता. उलट हसून म्हणाला, लोकांना खरं कुठं पाहिजे असतं, त्यांना गावाकडचं पाहिजे असतं. पण एक गोष्ट मी तेव्हाही करत होते आणि ती मला आवडली नाही. दारातल्या गाड्यांकडं बघत मनातल्या मनात मी त्याच्या गल्ल्याचा अंदाज घेत होते.

दुपारी एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुली. बाईनं चपला काढल्या आणि इतर कुठं न बघता सरळ आगटीकडं गेली, आईच्या अगदी समोर मांडी घालून बसली. मला तो चेहरा माहीत होता. आई चोळता चोळता थांबली.

"रंजना न्हवं तू?"

"व्हय, काकू."

रंजना माझ्या वर्गात होती. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती आहे, तिथली. तिची आई आमच्या रानात काढणीला यायची. आता रंजना सोलापुरात एका दवाखान्यात नर्स आहे, हे मला ऐकून माहीत होतं. तिला आमच्या आगटीपाशी बसलेलं बघताना मला एकदम बांध आठवला.

आण्णांची हाक सगळ्यांसाठी असायची, असं मी मुलींना सांगत आले होते. हाक सगळ्यांसाठीच असायची, पण बसणं सगळ्यांसाठी नव्हतं. वस्तीवरची माणसं बांधापाशी थांबायची. त्यांचा हुरडा सुपात घालून तिकडं जायचा आणि त्यांच्या ओच्यात वरून ओतला जायचा. रंजना तिच्या आईचा पदर धरून तिथं उभी असायची. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, आणि रानात ती बांधावर आणि मी आगटीपाशी. ते इतकं रोजचं होतं की दिसायचंच नाही. फुकट हुरड्याचं उदाहरण देताना हा बांध माझ्या तोंडून कधी आला नव्हता.

आईनं रंजनाच्या हातावर दाणे ओतले. मग तिच्या मुलींच्या. मुली फोन काढून फोटो घेऊ लागल्या. मी रंजनाशेजारी जाऊन बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, सोलापुरातही आता चांगला हुरडा मिळतो.

रंजना दाणे चावत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "हुरडा तिथंही मिळतो गं. मी इथं बसायला आले."

ती बराच वेळ बसली. दत्ता मधूनमधून येऊन विचारत होता, ताई दही आणू का, चटणी तिखट आहे का. आण्णांनी तिच्या आईला कधी असं विचारलं नव्हतं. दत्ता काही आण्णांपेक्षा मनानं मोठा झाला नव्हता. तिच्याकडं तिकीट होतं, एवढंच. आणि तरीही ती आत बसली होती, हे खोटं नव्हतं. सकाळपासून तिकिटावर धरलेला माझा राग कुठं ठेवावा मला कळेना. त्याच वेळी फाटकाशी मेंढरं घेऊन जाणारे दोघे उभे राहिले होते. जुन्या सवयीनं ते आगटीचा धूर बघून थांबले असावेत. तिकीटवाल्यानं त्यांना हातानंच पुढं जायला सांगितलं. म्हणजे बांध मोडला नव्हता, तो फाटकापर्यंत सरकला होता.

ऊन उतरलं, गाड्या गेल्या. आईचे तळहात लाल झाले होते, बोटांच्या पेरांवर कूस रुतली होती. ती पदरानं हात पुसत होती. ते बघून माझा संयम सुटला. मी दत्ताला म्हणाले, तू आईला देखाव्यासारखं मांडलं आहेस. आण्णा असते तर असं चाललं नसतं.

तो आधी ऐकून घेत राहिला. म्हणाला, शाळूला भाव नाही, माणूस रानात थांबत नाही, पोरांची शिक्षणं आहेत. आईला कुणी जबरदस्ती केलेली नाही, तिला माणसात बसायला आवडतं. मग खाली बघत म्हणाला, "अक्का, वाटणीचं काही मनात आसंल तर सरळ बोल. आईला मधी घालू नको."

हा विचार कधी माझ्या मनाला शिवला नाही, असं मला तडक म्हणायचं होतं. पण दुपारी मी गाड्यांकडं बघून अंदाज घेत होतेच की. म्हणजे त्याचा संशय अगदीच निराधार होता असंही मला म्हणता येईना. शेवटी म्हटलं, मी आईला चार दिवस सोलापूरला नेते. ऐन हंगाम आहे, असं तो म्हणाला. तोपर्यंत आई आत जाऊन स्वतःची पिशवी भरून बाहेर आली होती. हिरवी नऊवारी तिनं सोडून ठेवली होती.

सोलापुरात तेव्हा गड्ड्याची जत्रा भरली होती. दुसऱ्या दिवशी मी आईला सिद्धेश्वराच्या यात्रेत घेऊन गेले. आकाशपाळणे, बांगड्यांची दुकानं, भांड्यांचे ढीग, भज्यांचा वास. देवाचं लग्न आणि त्याच्या भोवती हा एवढा बाजार. याच्याविषयी मला कधी संशय आला नव्हता. लहानपणापासून मला तो असाच माहीत होता, म्हणून मी त्याला परंपरा म्हणत होते. दत्ताचं फाटक पन्नास वर्षं टिकलं तर त्यालाही कुणीतरी तेच म्हणेल, असं वाटून गेलं. आईला मी बांगड्या घेऊन दिल्या. तिनं दुकानदाराशी घासाघीस केली आणि खूश झाली.

परत आल्यावर ती गॅलरीत बसली. मी तिच्याशी दत्ताबद्दल काहीबाही बोलत होते आणि आण्णांच्या वेळचं कसं मनापासून होतं, ते सांगत होते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुज्या आण्णांनी कुणालाबी फुकट बसवलं न्हाय."

मला ते कळलं नाही. तेव्हा तिनं सावकाश सांगितलं. आगटीपाशी कोण बसायचं ते आठव म्हणाली. कालव्याचं पाणी सोडणारा माणूस यायचा, त्याला पहिली कणसं. ऊस होता तोवर कारखान्याच्या तोडणीची चिठ्ठी ज्याच्या हातात, तो यायचा. तलाठी यायचा. आणि एका वर्षी शहरातल्या शिक्षण संस्थेतले एक साहेब आले होते, त्यांच्यासाठी आण्णांनी गूळभेंडी हे हुरड्याच्या शाळूचं गोड वाण राखून ठेवलं होतं. त्याच वर्षी मला सोलापुरात वसतिगृह मिळालं. आण्णांनी हाका कुणालाही मारल्या, पण बसवलं विचार करून. आईचा सूर तक्रारीचा नव्हता, कौतुकाचाही नव्हता. कोथिंबीर निवडल्यासारखी ती एकेक माणूस बाजूला काढत होती.

मी तिला विचारलं, मग जे तसेच वाटसरू यायचे, ज्यांच्याकडून काहीच मिळणार नव्हतं, ते?

"त्येबी यायचे," ती म्हणाली. "त्यांच्यामुळं तर बाकीच्यांना संशय यायचा न्हाय."

माझं शिक्षण, माझी नोकरी, ज्या वर्गात उभं राहून मी किंमत नसलेल्या वस्तूचं उदाहरण द्यायचे तो वर्ग, हे सगळं एका आगटीच्या उबेतून आलेलं असेल, तर मी कोणाला काय शिकवत होते? पण लगेच दुसरीही शंका आली. आण्णांचं हसणं, हातावर दाणे ओतताना त्यांचं पुढं वाकणं, तेही हिशोबाचंच होतं का? मला तसं वाटत नाही. एकाच हातात दोन्ही असू शकतं. मात्र कुठलं किती, हे आता विचारायला आण्णा नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्ताच्या बायकोचा, शोभाचा फोन आला. आईची तब्येत विचारली, जेवण विचारलं. मी फोन स्पीकरवर आईपुढं धरला, तर जरा अडखळत सासूला म्हणाली, आत्या, ती हिरवी नऊवारी कुठं ठेवली आहे, सापडत नाही.

"कशाला पायजे?" आईनं विचारलं.

धुवायची आहे, असं काहीतरी शोभा बोलली. आईनं साडी पेटीत तळाशी आहे म्हणून सांगितलं आणि फोन माझ्याकडं दिला. मग गॅलरीत जाऊन उभी राहिली. पेटीतली साडी कुणी धुवायला काढत नाही, हे मलाही कळलं होतं. थोड्या वेळानं ती आत आली आणि पिशवी भरू लागली. मी म्हटलं, अजून दोन दिवस राहा. ती म्हणाली, मला तिथं काय चाललंय ते बघायचं आहे.

आम्ही पोचलो तेव्हा मळ्यात गर्दी होती. आगटीपुढं हिरवी नऊवारी दिसली. ती नेसून शेजारच्या मळ्यातल्या पारूबाई बसल्या होत्या, आईच्याच वयाच्या, अंगानं जरा जास्त भरलेल्या. कपाळावर तसंच मोठं कुंकू. त्यांच्या खांद्याशी खांदा लावून एक मुलगा फोटो काढत होता आणि त्यांना आई म्हणत होता. आम्हाला बघताच पारूबाई दचकून उठायला लागल्या. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. माझी नजर आईच्या तोंडावर होती. तिला वाईट वाटेल, ती रडेल, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तिनं रडावं अशी माझी इच्छाच होती. म्हणजे मला दत्ताला पुढचं बोलता आलं असतं.

ती रडली नाही. दत्ता लगबगीनं आला होता. त्याच्यासमोरच तिनं पारूबाईंना विचारलं, तुला दिवसाची हजेरी किती मिळते? पारूबाईंनी दत्ताकडं बघत हळू आवाजात आकडा सांगितला. आईनं मान हलवली, बाजारात भाव ऐकल्यावर हलवतात तशी. मग दत्ताकडं वळून म्हणाली, मलाही तेवढीच दे. सुरू झाल्यापासूनची.

दत्ताला हसू फुटलं, पण तिचा चेहरा बघून ते विझलं. माणसं ऐकत होती. तो तिच्या जवळ सरकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आईला कुणी पगार देतं का? लोक काय म्हणतील?"

"आईला दिसभर जाळाम्होरं बसवल्यालं लोकास्नी चालतंय न्हवं? मग पगारबी चालंल."

आवाज चढलेला नव्हता. दत्तानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. हे मी शिकवलं, असं त्याला वाटलं. त्यानं तसं नंतर बोलूनही दाखवलं आणि मी कितीही सांगितलं तरी आजतागायत त्याचा विश्वास बसलेला नाही. अर्थशास्त्र शिकवणारी बहीण, तिच्याकडं दोन दिवस राहून आलेली आई. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

शेवटी दत्ता म्हणाला, बरं, देतो. बरं म्हणताना त्याचे डोळे भरले होते. ते आईला दुखावल्याबद्दल होते की आईनं त्याला परक्यासारखं मागितलं म्हणून, हे मी ठरवू शकले नाही. पैसे तो देतो, हे मला पारूबाईंकडून कळतं. आई त्यांचं काय करते, हे ती मलाही सांगत नाही.

दत्ता गेल्यावर आईनं चपला काढल्या. मला वाटलं, आता ती पारूबाईंना उठवून तिथं बसेल. पण ती आगटीला वळसा घालून इकडच्या बाजूला आली आणि सतरंजीवर, सोलापुरातून आलेल्या अनोळखी माणसांच्या मध्ये, पाय दुमडून बसली. पारूबाईंकडं बघून म्हणाली, "चोळ बघू."

पारूबाईंनी कणीस ओढलं, चोळलं, फुंकर मारली आणि वाफाळते दाणे आईच्या तळहातावर ओतले. आईनं ते तोंडात टाकले. डोळे मिटून हळूहळू चावत राहिली. तेव्हा मला आठवेना, की आईला आगटीपाशी हुरडा खाताना मी यापूर्वी कधी बघितलं होतं. माणसं उठेपर्यंत ती चोळत असायची. सुपात उरलेला गार हुरडा घरी यायचा आणि कधीतरी, दुसऱ्या दिवशी, दह्यात कालवून ती तो संपवायची.

तिनं डोळे उघडले आणि पुन्हा हात पुढं केला.

"गरम असताना असा लागतोय व्हय," ती म्हणाली.